चालतंय की चालवतोय?

मंडळी, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, एखादे प्रवासवर्णन असते, बाळगोपाळांची चित्रे असतात, आणि 'परदेशात मराठी टिकेल का?' असा एक गंभीर लेख असतोच असतो. यंदा तो गंभीर लेख लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. पण थेट त्या प्रश्नाला हात न घालता मी जरा आडवाटेने जाणार आहे. सोबतीला एकच क्रियापद घेतले आहे, तेही अगदी रोजच्या वापरातले: 'चालणे', आणि त्याचे प्रयोजक रूप 'चालवणे'. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत या जोडीने काय काय कामे केली ते पाहताना माझ्या ध्यानात आले, की आपल्या त्या गंभीर प्रश्नाचे उत्तर बहुधा या दोन रूपांमधल्या एका 'व'मध्ये दडलेले आहे.

मी काही भाषेचा पंडित नव्हे. शाळा-कॉलेज महाराष्ट्रात, मास्टर्स परदेशात, आणि गेली वीसेक वर्षे पोटापाण्याचा धंदा संगणकाचा. पण भारतात सुट्टीवर गेलो की लोक आंबे आणि भाजणी आणतात, तसे मी जुन्या नियतकालिकांचे संग्रह आणतो. सामानाचे वजन वाढते म्हणून घरी बोलणी खातो, ती गोष्ट वेगळी. टिळक-आगरकरांचे लेख पुस्तकरूपाने मिळतात, 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने छापले आहेत. यान्बूच्या उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा ही पुस्तके फार उपयोगी पडतात.

सुरुवात इंग्रजीपासून करू, कारण आमच्या धंद्यात 'चालवणे' कोणी म्हणत नाही, सगळे 'रन' होते. प्रोग्राम रन होतो, रिपोर्ट रन होतो, रात्री दोन वाजता जॉब रन होतो. या 'रन'ची ख्याती मोठी आहे. ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे नवी आवृत्ती तयार होताना 'रन'ने त्याला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि अर्थ भरले ६४५!

मराठी माणूस मात्र हा एवढा संसार एका शब्दावर चालवत नाही. क्रिकेटमधली 'रन' आपल्याकडे धाव होते. नदी वाहते. नाक गळते. धुण्यात कपड्याचा रंग जातो. निवडणुकीत अमेरिकन माणूस 'रन' करतो, इंग्रज 'स्टँड' करतो. आपण निवडणूक इंग्रजांकडून शिकलो म्हणून आपला उमेदवार उभा राहतो, आणि निवडून आला की पाच वर्षे बसतो. आता उरली दुकान, गिरणी, घर, खटला आणि वर्तमानपत्र ही मंडळी. या सगळ्यांना इंग्रज पळवतो आणि आपण चालवतो. आपल्याकडे वर्तमानपत्र 'पळवणे' म्हणजे शेजाऱ्याच्या दारातले उचलून आणणे!

तर मग 'वर्तमानपत्र चालवणे' हे 'रन अ न्यूजपेपर'चे भाषांतर आहे का? आपल्या मुलांना तसेच वाटते, कारण त्यांना इंग्रजी शब्द आधी भेटतो आणि मराठी मागाहून. पण कालगणना वेगळे सांगते. धंदा किंवा संस्था सांभाळणे या अर्थी 'रन' रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि तोही अमेरिकेतून. त्याआधीचे इंग्रज संपादक नियतकालिक 'रन' करत नसत, 'कंडक्ट' करत. चार्ल्स डिकन्सने १८५० साली 'हाउसहोल्ड वर्ड्‌स' नावाचे साप्ताहिक काढले. त्यात लेखकांची नावे नसत, पण पानाच्या माथ्यावर 'कंडक्टेड बाय चार्ल्स डिकन्स' असे मात्र छापलेले असे. कंडक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एस.टी.चा कंडक्टर उभा राहतो, पण विचार केला तर तोही प्रवाशांना मुक्कामी पोचवण्याची जबाबदारी घेणाराच. आपले 'चालवणे' अर्थाने या 'कंडक्ट'च्या फार जवळचे आहे. हाताला धरून पुढे नेणे, आणि मध्येच हात न सोडणे.

ही इंग्रजी-मराठीची शेजारधर्माची गोष्ट आपल्या पत्रकारितेच्या पहिल्याच दिवसापासूनची आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, आणि म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. 'दर्पण'च्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी, शेजारी शेजारी. जांभेकर तेव्हा विशीच्या आसपासचे होते. इंग्रजी राज्य येऊन मुंबई इलाख्यात उणीपुरी चौदा वर्षे झालेली. अशा वेळी एका डोळ्याने सत्ताधाऱ्यांची भाषा आणि दुसऱ्याने आपली भाषा सांभाळत पत्र चालवायचे, म्हणजे प्रत्येक वाक्याला दोनदा विचार करणे आले. पुढे १८८१ साली पुण्यात जोडपत्रे निघाली, मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. १८८८ साली निघालेल्या 'सुधारका'त तर दोन्ही भाषा एकाच अंकात होत्या; मराठी बाजू आगरकरांची, इंग्रजी बाजू गोखल्यांची. म्हणजे आपले हे जुने संपादक आपल्या मुलांसारखेच द्विभाषिक होते. फरक इतकाच की दोन्ही भाषांत कर्ता कुठे ठेवायचा, याचे त्यांना भान होते.

आता त्या 'व'कडे वळतो. 'चालणे' अकर्मक आहे. घड्याळ चालते, गाडी चालते, श्वास चालतो. कोणी चालवले हे विचारायचे कारण नाही. 'चालवणे' म्हटले की मात्र चालवणारा लागतोच. इंग्रजी 'रन'ला हे वेगळे रूप घ्यावे लागत नाही. 'द प्रोग्राम रन्स' आणि 'आय रन द प्रोग्राम', शब्द तोच. मराठीत तसे जमत नाही. तुम्हांला निवड करावीच लागते: आपोआप होते आहे म्हणायचे, की कोणीतरी करतो आहे म्हणायचे?

वर्तमानपत्राच्या दृष्टीने ही निवड म्हणजे अर्धी पत्रकारिता आहे. साधे उदाहरण घ्या. 'गावात जुलूम चालला आहे' असे लिहिले तर ती हळहळ झाली. 'अधिकाऱ्यांनी गावात जुलूम चालवला आहे' असे लिहिले की तो आरोप झाला. मध्ये फक्त एक 'व' आला आणि त्याच्यामागून अधिकारी ओढला गेला. आणि १८७० साली भारतीय दंड विधानात १२४ अ हे राजद्रोहाचे कलम घातल्यानंतर त्या 'व'ची किंमत तुरुंगात मोजावी लागण्याची शक्यता होती. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्ताच्या काळात टिळकांवर या कलमाखाली पहिला खटला झाला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

१९०८ सालचा दुसरा खटला तर भाषेच्या दृष्टीने मला फार विलक्षण वाटतो. लेख मराठी, 'केसरी'तले, न्यायालय इंग्रजी. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. म्हणजे ज्या लेखांवरून माणसाला शिक्षा द्यायची, ते लेख ज्युरीपुढे सरकारी भाषांतरातून जाणार. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक भाषण केले. त्यातला मोठा भाग या भाषांतरावर होता. मूळ मराठी शब्दाची छटा इंग्रजीत कशी बदलते, सौम्य शब्द कसा जहाल होतो, हे ते ज्युरीला समजावत होते. वरचे 'चालला' आणि 'चालवला'चे उदाहरण माझे आहे, खटल्यातले नव्हे. पण तेच इंग्रजीत नेऊन पाहा. 'जुलूम चालला आहे' याचे भाषांतर करताना इंग्रज वाचक लगेच विचारणार, कोणी चालवलाय? मराठीने झाकून ठेवलेला कर्ता भाषांतरकाराला पुरवावा लागणार. संपादकाने जे मुद्दाम मोघम ठेवले, ते भाषांतरात नेमके होऊन कोर्टात उभे राहणार. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली. व्याकरण हा शाळेतल्या मार्कांचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा खटला एकदा जरूर वाचावा.

सगळे जुने संपादक या बाबतीत धुतल्या तांदळासारखे होते असे मात्र मी म्हणणार नाही. याच काळात 'चाल' हा शब्दही वर्तमानपत्रांतून सारखा भेटतो. चाल म्हणजे रीत, रूढी. बालविवाहाची चाल, केशवपनाची चाल. आणि या चालींच्या मागे हमखास येणारे क्रियापद म्हणजे 'चालत येणे'. पूर्वापार चालत आलेली चाल! जणू काही ती स्वतःच्या पायांनी, कोणीही न बोलावता, पिढ्यान्‌पिढ्या चालत आपल्या दारी आली. आगरकरांचे सगळे लिखाण मला या 'चालत आली' विरुद्धचे भांडण वाटते. रूढीला पाय नसतात, ती कोणीतरी चालवतो म्हणून चालते, आणि चालवणाऱ्याला थांबवताही येते, असा त्यांच्या लेखांचा एकूण सूर आहे.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहाचे बारा झाले, तेव्हा टिळकांनी त्या विधेयकाला विरोध केला होता. परक्या सरकारने कायद्याने आपल्या घरात हात घालू नये, लोकशिक्षणाने समाज आपण होऊन सुधारेल, अशी त्यांची भूमिका होती. परक्या सत्तेबद्दलचा त्यांचा संशय समजण्यासारखा आहे. पण भाषेच्या अंगाने पाहिले तर राज्यकारभाराच्या बाबतीत 'कोण चालवतो?' असे रोखठोक विचारणारा हाच संपादक घरातल्या प्रश्नावर 'चालेल हळूहळू' या बाजूला झुकलेला दिसतो. आणि दहा-अकरा वर्षांच्या ज्या मुलींचा प्रश्न होता, त्यांना 'हळूहळू' परवडण्यासारखे नव्हते. माझे मत विचाराल तर या एका भांडणात व्याकरण आगरकरांच्या बाजूने होते.

या क्रियापदाचा आणखी एक उपयोग पाहण्यासारखा आहे, तो कामगारांच्या संदर्भातला. 'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केले आणि पुढे १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे, १८९० साली. आपण इथे शुक्रवारची वाट पाहतो तेव्हा त्यांची आठवण व्हायला हरकत नाही. आता गंमत बघा. मालक गिरणी चालवतो आणि कामगार माग चालवतो. दोघांनाही मराठीने एकच क्रियापद दिले. पण 'गिरणी चालते' म्हटले की दोघेही वाक्यातून गायब होतात, आणि कामगार जरा जास्तच गायब होतो. मालकाचे नाव निदान फाटकावर असते. लोखंड्यांच्या कार्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर गिरणी 'चालत' नाही, ती माणसे चालवतात आणि ती माणसे दमतात, एवढेच सरकारला आणि मालकांना सांगणे. पुढे याच 'दीनबंधू'ची जबाबदारी पती वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी उचलली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी बाईने वर्तमानपत्र चालवून दाखवले.

वर्तमानपत्र 'चालवणे' म्हणजे काय प्रकार होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. 'केसरी' निघून पुरती दोन वर्षे झाली नव्हती, तोच कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर अब्रुनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. त्यांनी ज्यांच्या भरवशावर लिहिले होते ती पत्रे खोटी निघाली होती. पण छापल्याची जबाबदारी त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलली नाही. १८९१ नंतर टिळकांनी दोन्ही पत्रे स्वतःकडे घेतली ती कर्जासकट. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खेड्यातून ते अनेक दशके चालवले. पुण्या-मुंबईबाहेर, खेड्यातून! ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, तरी ते फार वर्षे टिकले नाही. डॉ. आंबेडकर थांबले नाहीत. १९२७ साली त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि त्यातला बहुतेक मजकूर ते एकहाती लिहीत. संपादक तेच, लेखक तेच, पैशाची विवंचनाही त्यांचीच.

या सगळ्यांचा इतिहास सांगताना आपण तीन क्रियापदे वापरतो. पत्र निघाले, चालले, बंद पडले. 'दर्पण' १८३२ साली निघाले, आठ वर्षे चालले, १८४० साली बंद पडले. तिन्ही अकर्मक! जणू झाड उगवले, वाढले आणि वाळले. प्रत्यक्षात कोणीतरी ते काढले, कोणीतरी चालवले, आणि बंद मात्र खरोखरच 'पडले', कारण बंद करणारा असा कोणी नव्हताच. फक्त एक दिवस चालवणारा उरला नाही. बंद पडायला माणूस लागत नाही, चालवायलाच लागतो. हे वाक्य मी आमच्या ऑफिसात फळ्यावर लिहून ठेवावे म्हणतो.

असो. आता आजच्या काळात येऊ. मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्यापासून 'चालवणे'ला एक नवे कर्म मिळाले आहे. पूर्वी पत्र चालवत आणि बातमी देत किंवा छापत. आता बातमी चालवतात. "ही बातमी सकाळपासून चालवा", "तो व्हिडिओ चालवू नका". हा प्रयोग हिंदीतल्या 'खबर चलाना'वरून आपल्याकडे आला आणि हिंदीच्या मागे अमेरिकन 'रन अ स्टोरी' उभा आहे. शब्द बाहेरून आला याचे मला दुःख नाही. मराठीने टेबल, पेन्सिल आणि पगार पचवले, हेही पचवील. माझी तक्रार वेगळीच आहे. मराठीत 'चालणे'चा एक जुना अर्थ नाण्याशी बांधलेला आहे. चलनी नाणे, खोटा रुपया चालत नाही, वगैरे. 'बातमी चालवली' म्हटले की मला तो रुपया आठवतो. नाणे खरे की खोटे हा प्रश्न मागे पडतो, बाजारात चालले की झाले. जिथे पूर्वी संपादक पत्र चालवून त्याखाली नाव घालत असे, तिथे आता बातमी चालते आणि खाली लिहिलेले असते, 'सूत्रांकडून समजते'. मोबाइलवर तर तेही नाही. 'आला तसा पुढे पाठवला' एवढ्या पुण्याईवर मजकूर यान्बूहून नाशिकला जाऊन परत येतो आणि वाटेत एकही माणूस 'हे मी म्हणतोय' असे म्हणत नाही.

या जोडीला एक तिसरे रूप आले आहे आणि ते मला सर्वांत घातक वाटते: 'चालवले जाते'. "मंडळातर्फे ग्रंथालय चालवले जाते", "उपक्रम राबवण्यात येतो". हे रूप दिसायला मोठे सभ्य आहे. 'व' आहे, पण कर्ता नाही. इंग्रजी अहवालांची सवय लागलेल्या आम्हां लोकांच्या हातून ते फार उतरते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तिचा पहिलाच निबंध मराठीच्या तेव्हाच्या स्थितीवर होता आणि इंग्रजी शिकलेल्यांच्या मराठीची काळजी त्यांना तेव्हापासून होती. दीडशे वर्षे झाली, ती काळजी अजून चालूच आहे. चालू! हाही त्याच घरातला शब्द. पूर्वी 'चालू वर्ष', 'चालू खाते' असा अब्रूने राहत होता. आता 'चालू माणूस' म्हटले की समजायचे ते सगळे समजतात.

आपण यान्बूकरांना या विषयात एक विशेष दृष्टी आहे असे मला वाटते. एक तर इथे अरबी कानावर पडते. कोणत्याही इजिप्शियन सहकाऱ्याला काही विचारा, तो म्हणतो 'माशी'. नवखा मराठी माणूस दचकून चहाच्या कपात पाहतो. 'माशी' म्हणजे अक्षरशः 'चालणारा', आणि अर्थ आपल्या 'चालेल'चा! दोन भाषांचे नाते नाही, गोते नाही, आणि होकार देताना दोघींनाही चालणेच सुचले. 'चालेल'मध्ये एक मोठा गोडवा आहे. "चहा चालेल?" "चालेल." पण त्यात एक धोकाही आहे. 'मी करीन' असे म्हणायच्या ठिकाणीही आपण 'चालेल' म्हणून मोकळे होतो.

दुसरे म्हणजे, आपण एका अशा शहरात राहतो जे अक्षरशः कोणीतरी चालवल्यामुळे चालते. लाल समुद्राकाठचे जुने बंदर, त्याच्या शेजारी १९७५ साली जुबैल आणि यान्बूसाठी रॉयल कमिशन नेमले गेले आणि वाळवंटात औद्योगिक शहर उभे राहिले. इथली रिफायनरी रात्रंदिवस चालते. आपल्यातले कितीतरी जण तिथे पाळ्यांमध्ये काम करतात, त्यांना विचारा. पाळी बदलताना जाणारा माणूस नोंदवहीत लिहितो, येणाऱ्याला तोंडी सांगतो, सही होते, मगच तो घरी जातो. 'चालतंय' एवढे सांगून कोणी निघून जात नाही. आमच्या संगणकाच्या जगात मात्र 'आपोआप चालणारे' जॉब असतात. वर्षानुवर्षे रात्री चालतात. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाला ठाऊक नसते. ज्या दिवशी ते थांबतात त्या दिवशी सगळे एकमेकांकडे पाहतात.

आता सांगा, आपल्या मंडळात नोंदवहीची पद्धत आहे की रात्रीच्या जॉबची? काही वर्षांपूर्वी आपल्याकडे शुक्रवारी दुपारी मुलांचा मराठीचा वर्ग चालायचा. बघा, मीही 'चालायचा' लिहून गेलो. एक बाई तो वर्ग त्यांच्या दिवाणखान्यात चालवायच्या. दहा-बारा मुले, बाराखडी, 'शाळा शाळा' खेळल्यासारखा गोंगाट, आणि शेवटी सगळ्यांना लाडू. मग त्यांच्या यजमानांचा करार संपला, फायनल एक्झिट झाली, आणि वर्ग बंद पडला. कोणी बंद केला नाही. सगळ्यांना वर्ग हवा होता, सगळ्यांना तो 'चालेल' असाच होता. पण त्या वर्षीच्या अहवालात 'मुलांसाठी मराठीचा वर्ग चालतो' एवढेच वाक्य होते, बाईंचे नाव नव्हते. नाव असते तर निदान त्या गेल्यावर रिकामी जागा दिसली असती. वाक्यात कर्ताच नव्हता, त्यामुळे तो गेला हे वाक्याला कळलेच नाही. आणि आपले समाज हे असेच असतात. दर दोन-चार वर्षांनी निम्मी माणसे बदलतात. जिथे माणसे बदलतात तिथे नावे लिहावी लागतात, नाहीतर काय दिले आणि कोणाकडे दिले हे राहतच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. त्या दिवशी आलेले पेढ्यांचे फोटो मीही पुढे पाठवले. पण दर्जा मिळणे हेही अकर्मकच. 'मराठी टिकेल का?' या प्रश्नातही क्रियापद अकर्मक आहे, टिकणे. भाषेला पाय नसतात, ती रूढीसारखीच कोणीतरी चालवतो म्हणून चालते. बाळशास्त्र्यांनी, तानुबाईंनी, आंबेडकरांनी 'मराठी पत्र चालेल का?' असे विचारून पत्र काढले असते तर व्यवहारी उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच आले असते. त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. त्यांनी पत्र चालवले. जितके दिवस चालवले तितके दिवस ते चाललेच.

तेव्हा माझी एक बारीकशी सूचना आहे. हा अंक हातात आहेच, तर मंडळाचा वार्षिक अहवाल काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. जिथे 'चालतो', 'चालू आहे' किंवा 'चालवला जातो' असे लिहिले असेल त्याखाली रेघ मारा आणि शेजारी लिहा: कोण? ढोलपथक कोण चालवतो, ग्रंथालयाची कपाटे कोण उघडतो, नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात घरी जेवायला कोण बोलावतो. नाव सापडले तर ते पुढच्या अहवालात ठळक छापा, आणि त्या माणसाच्या कराराची मुदत कधी संपते तेही हळूच विचारून ठेवा. जिथे नाव सापडणार नाही, तिथे एक तर स्वतःचे लिहा, नाहीतर ती ओळ पुढच्या वर्षी नसेल असे समजा.

चालेल?